बर्फ पडतो, म्हणजे पृथ्वी तापत नाही का?

प्रश्न : दर हिवाळ्यात जगात कुठे ना कुठे विक्रमी थंडी पडल्याच्या, बर्फाच्या वादळात शहरेच्या शहरे अडकून पडल्याच्या बातम्या येतात. पृथ्वी खरोखरच तापत असेल, तर असे व्हायला नको. मग तापमानवाढीचा गाजावाजा अवाजवी आहे, असे का म्हणू नये?

उत्तर : ही शंका अमेरिकेच्या सिनेटमध्येही एकदा थाटात मांडली गेली होती. २६ फेब्रुवारी २०१५ रोजी जेम्स इनहोफ हे सदस्य बाहेरून बर्फाचा गोळा घेऊन सभागृहात आले आणि बाहेर किती थंडी आहे हे सांगता सांगता त्यांनी तो समोर भिरकावला. थंडीबद्दल ते खोटे बोलत नव्हते. अमेरिकेच्या ईशान्य भागात तो महिना कडाक्याचा गेला आणि बॉस्टन शहरात त्या मोसमात ११०.६ इंच, म्हणजे पावणेतीन मीटरहून अधिक बर्फ पडून जुना विक्रम मोडला.

मात्र त्याच हिवाळ्यात, त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला काय चालले होते, हे त्या गोळ्यातून कळणे शक्य नव्हते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेत १ एप्रिल २०१५ रोजी साठलेला बर्फ नेहमीच्या सरासरीच्या जेमतेम ५ टक्के भरला. ज्या जागी एरवी माणूसभर बर्फात मोजपट्टी रोवली जाते, तेथे राज्याचे गव्हर्नर जेरी ब्राउन कोरड्या गवतावर उभे होते आणि तेथूनच त्यांनी पाणीकपात जाहीर केली. संपूर्ण जगाचा हिशेब लागला तेव्हा २०१५ हे वर्ष तोपर्यंतच्या नोंदींमधील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. अमेरिकेचा सारा भूभाग धरला, तरी तो पृथ्वीच्या पृष्ठभागाच्या दोन टक्क्यांच्या आतच राहतो. त्यातल्या एका कोपऱ्यातील एका महिन्याच्या थंडीचा जागतिक सरासरीवर किती भार पडणार?

या दोन टोकांच्या अवस्था परस्परांशी जोडलेल्या होत्या, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा उंचावरील वेगवान वाऱ्याचा पट्टा, म्हणजेच जेट प्रवाह, नागमोडी वळणे घेतो. वळणाच्या एका अंगाने उबदार हवा उत्तरेकडे चढते आणि दुसऱ्या अंगाने ध्रुवाकडची गार हवा दक्षिणेकडे घसरते. ही वळणे आठवडेच्या आठवडे एकाच जागी रेंगाळली, की एका प्रदेशात हाडे गोठवणारी थंडी आणि शेजारच्या प्रदेशात अवेळी ऊब, असे चित्र दिसते. यात उष्णतेची केवळ जागा बदलते. पृथ्वीवर एकूण उष्णता किती साठली आहे, हे पाहायचे असेल, तर सगळी ठिकाणे आणि बरीच वर्षे एकत्र घ्यावी लागतात. हवामानशास्त्रात त्यासाठी साधारणपणे तीस वर्षांची सरासरी वापरली जाते.

शिवाय वाढ किती झाली आहे, तेही पाहा. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात जगाचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक होते. सरासरीच्या दृष्टीने ही वाढ मोठी आहे, परंतु एखाद्या ठिकाणचा पारा एका दिवसात पंधरा-वीस अंशांनी खाली येऊ शकतो; एक-दीड अंशाच्या वाढीने अशी घसरण थांबत नाही. बदलते ती वारंवारता. अमेरिकेच्या सलग भूभागावरील नोंदींत १९५० च्या दशकात उष्णतेचे आणि थंडीचे दैनंदिन विक्रम जवळपास बरोबरीने मोडत होते. २००० नंतरच्या दशकात उष्णतेचे विक्रम थंडीच्या दुप्पट झाले. म्हणजे थंडीचे विक्रम आजही होतात आणि पुढेही काही काळ होत राहतील, फक्त त्यांचे प्रमाण घटते आहे.

प्रश्न : थंडीचे समजले. पण बर्फ पूर्वीपेक्षा जास्त पडत असेल, तर ते तापमानवाढीच्या उलटच नाही का?

उत्तर : जास्त बर्फ म्हणजे जास्त थंडी, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसलेले असते की ते तपासून पाहावे असे सहसा कोणाला वाटत नाही. वास्तविक हिमवृष्टीला दोन गोष्टी लागतात : पारा शून्याच्या आसपास किंवा खाली असणे आणि हवेत भरपूर बाष्प असणे. या दोन्ही एकमेकींना काहीशा मारक आहेत. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत सुमारे पाच ग्रॅम बाष्प मावते, तर उणे वीस अंशांना जेमतेम एक ग्रॅम. त्यामुळे अत्यंत थंड हवा बर्फाच्या बाबतीत कंजूष असते. अंटार्क्टिकाचा अंतर्भाग हा त्याचा टोकाचा नमुना आहे; तेथे वर्षभरात इतका थोडा बर्फ पडतो की पर्जन्यमानाच्या हिशेबाने तो वाळवंटातच मोडतो. मोठी हिमवृष्टी बहुधा शून्याच्या थोड्याच खाली होते.

हवा एका अंशाने तापली, की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून जेथे हिवाळा मुळातच कडक आहे, तेथे थोडी ऊब वाढली तरी पारा शून्याखालीच राहतो आणि वादळांना बाष्प मात्र अधिक मिळते. उत्तर अमेरिकेतील एरी सरोवराकाठी हे अगदी डोळ्यांदेखत घडते. न गोठलेल्या, तुलनेने कोमट पाण्यावरून गार वारा वाहू लागला, की तो बाष्प उचलतो आणि पलीकडच्या काठावर अरुंद पट्ट्यात बर्फ ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये या सरोवराकाठच्या बफलो शहराच्या दक्षिणेकडील काही उपनगरांत चारेक दिवसांत दोन मीटर बर्फ साचला, तर काही मैलांवर उत्तरेकडे त्याचा लहानसा अंशच पडला. सरोवर एकदा गोठले, की बाष्पाचा हा पुरवठा बहुतांशी तुटतो. गोठण उशिरा होऊ लागली, तर अशा वादळांना मिळणारा मोसम लांबतो.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याजवळील काही हिमनद्यांचा इतिहासही असाच आहे. १९९० च्या दशकात, जगभरातील हिमनद्या आक्रसत असताना, हिवाळ्यातील विपुल बर्फामुळे त्या पुढे सरकल्या. ‘तापमानवाढ कुठे आहे?’ म्हणणाऱ्यांना ते आयतेच कोलीत मिळाले. पुढे २००० नंतर उन्हाळ्यातील वितळण वरचढ ठरली आणि त्याच हिमनद्या झपाट्याने मागे हटल्या.

जेथे हिवाळ्यातील पारा शून्याच्या काठावरच रेंगाळतो, तेथे परिणाम सरळ असतो : बर्फाच्या जागी पाऊस पडतो. उत्तर गोलार्धातील वसंत ऋतूतील बर्फाचे आच्छादन उपग्रहांच्या नोंदींत स्पष्टपणे घटलेले दिसते आणि जून महिन्यातील घट सर्वांत ठळक आहे.

प्रश्न : ‘ध्रुवीय भोवरा’ कमकुवत झाल्याने थंडीच्या लाटा येतात आणि त्याला तापमानवाढच कारणीभूत आहे, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : पहिला भाग बहुतांशी खरा आहे, दुसऱ्याबद्दल शास्त्रज्ञांत एकमत नाही. हिवाळ्यात ध्रुवावर, स्थितांबरात (ढग-पावसाच्या थराच्या वरच्या हवेच्या थरात), अतिथंड हवेचे एक विशाल चक्र फिरत असते; तोच ध्रुवीय भोवरा. कधी कधी तेथील तापमान काही दिवसांत अचानक चढते, चक्र डळमळते किंवा दुभंगते आणि नंतरच्या आठवड्यांत गार हवा खाली दक्षिणेकडे उतरण्याची शक्यता वाढते. जानेवारी २०२१ मध्ये असे झाले आणि फेब्रुवारीत टेक्सासमध्ये वीजव्यवस्था कोलमडण्याइतकी थंडी पडली. आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कित्येक पट वेगाने तापत असल्याने असे प्रकार वाढतील, हा विचार आकर्षक आहे, पण निरीक्षणे आणि संगणकीय प्रारूपे त्याबाबत एका सुरात बोलत नाहीत. प्रत्येक हिमवादळ तापमानवाढीच्या खात्यावर मांडण्याची घाई करणारे उत्साही लोक, माझ्या मते, इनहोफ यांच्यासारखीच चूक दुसऱ्या दिशेने करतात.

प्रश्न : म्हणजे बर्फ पडला तरी तापमानवाढ आणि नाही पडला तरी तापमानवाढ! मग हा सिद्धान्त खोटा ठरणार तरी कसा?

उत्तर : आपला टोला रास्त आहे. एका वादळावरून कोणतीच बाजू सिद्ध होत नाही, म्हणून कसोटी दुसरीकडे शोधावी लागते आणि अशा कसोट्या पुष्कळ आहेत. स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच हाताने आकडेमोड करून असे मांडले होते की कार्बन डायऑक्साइड वाढल्यास उन्हाळ्यापेक्षा हिवाळा आणि दिवसापेक्षा रात्र अधिक तापेल. जमिनीवरील बहुतेक भागांत, विशेषतः उत्तरेकडील अक्षांशांवर, नेमके हेच दिसून आले. हिवाळे सौम्य होण्याऐवजी दशकानुदशके कडक होत गेले असते, तर या मांडणीला मोठा धक्का बसला असता. सूर्य प्रखर झाल्याने पृथ्वी तापत असती, तर स्थितांबरही तापले असते. हरितगृह वायूंमुळे ते गार व्हायला हवे आणि तसे ते झाले आहे.

सर्वांत कठोर कसोटी समुद्राची आहे. पृथ्वीवर साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी सुमारे नव्वद टक्के समुद्र शोषून घेतो. दोन किलोमीटर खोलीपर्यंत बुडी मारून तापमान नोंदवणारी आर्गो प्रकल्पाची सुमारे चार हजार स्वयंचलित उपकरणे जगभरच्या महासागरांत तरंगत आहेत. त्यांच्या नोंदींतील उष्णतासाठा एक-दोन दशके सातत्याने घटत गेला, तर तापमानवाढीच्या सिद्धान्ताला उत्तर देणे कठीण जाईल. आतापर्यंत तो वाढतच आला आहे.