पॉम्पे आजारात एन्झाइमचं सलाईन घेऊन माणूस बरा होतो का?

प्रश्न असा होता: ‘माझ्या धाकट्या दिरांना (वय ३४) लेट ऑनसेट पॉम्पे (मोठेपणी दिसणारा, स्नायू हळूहळू कमजोर करणारा आजार) निघालाय. डॉक्टर म्हणतात, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून एन्झाइम द्यायचं, तेही कायमचं. त्याने ते बरे होतील की नुसताच खर्च? आणि याची गोळी का नसते?’

ताई, आधी सरळ उत्तर देते. बरे होणार नाहीत. तरी घ्या. ही दोन वाक्यं एकाच वेळी गळी उतरायला आमच्या घरात दीड वर्ष गेलं.

माझ्या नवऱ्याला हाच आजार आहे. निदान ३९व्या वर्षी झालं, आता ते ४५चे आहेत. दीडशेच्या आसपास सलाईनं झाली असतील. मी डॉक्टर नाही. हॉस्पिटलच्या डे-केअरमध्ये सलाईनच्या खुर्चीशेजारी बसून, डॉक्टरांना खोदून खोदून विचारून जे कळलं ते सांगते.

त्यांचं दुखणं जिन्यापासून सुरू झालं. मग जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकून उठायला लागले. रक्त तपासलं तर एसजीपीटी (लिव्हरसाठी बघतात तो आकडा) वाढलेलं. झालं, चार वर्षं लिव्हरच्या गोळ्या. प्रत्येक दवाखान्यात पहिला प्रश्न, ‘दारू किती घेता?’ सुपारीसुद्धा न खाणारा माणूस! हे एसजीपीटी, एसजीओटी स्नायू झिजले तरी वाढतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सीपीके (स्नायूंची झीज दाखवणारी रक्ततपासणी) करायला लावलं, ते हजाराच्या वर निघालं. मग कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावरून एन्झाइमची चाचणी आणि त्यावर जीन तपासणी.

आता आजार नेमका काय ते. स्नायूंत साखर ग्लायकोजेन म्हणून साठवलेली असते. त्यातलं काही पेशीतल्या लायसोसोम नावाच्या बारीक पिशव्यांत जातं आणि तिथे ते फोडायचं काम एकटं एक एन्झाइम करतं, अ‍ॅसिड अल्फा ग्लुकोसिडेज. रिपोर्टवर ‘जीएए’ लिहिलेलं असेल. मी सासूबाईंना घंटागाडीचं उदाहरण दिलं होतं. गाडी कधीच आली नाही तर गल्ली आठवड्यात तुंबते. तान्ह्या बाळांचा पॉम्पे तसा, हृदयसुद्धा सुजतं. गाडी महिन्यातून एकदा येत असेल तर तुंबायला वर्षं लागतात. मोठेपणी दिसणारा पॉम्पे असा. तुमच्या दिरांच्या अंगात थोडंफार एन्झाइम आहे म्हणून तर ते ३४ वर्षं चालते-फिरते राहिले.

उपचार म्हणजे ही गाडी बाहेरून भाड्याने आणणं. आणि गोळी का नाही, तर एन्झाइम हे प्रोटीन आहे. पोटात गेलं की वरणातल्या प्रोटीनसारखं पचून जाईल. म्हणून थेट शिरेत. तिथून ते पेशीत शिरतं ते त्याच्यावर चिकटलेल्या मॅनोज सिक्स फॉस्फेट नावाच्या साखरेच्या खुणेमुळे. ही खूण म्हणजे पार्सलवरचा पत्ता समजा. खरी गोम इथेच आहे. स्नायूंच्या दारावर हा पत्ता वाचणारे कमी, त्यामुळे बरंचसं औषध लिव्हरच ओढून घेतं. म्हणून तर डोस इतका मोठा: किलोमागे २० मिलिग्रॅम. दीर ६० किलोंचे असतील तर एका वेळी १२०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या २४ बाटल्या. वर्षाला सहाशेच्या वर. नव्या औषधात, अ‍ॅव्हलग्लुकोसिडेज अल्फामध्ये (अमेरिकेत २०२१ साली मान्यता), ही पत्त्याची खूण जुन्याच्या सुमारे पंधरापट आहे. पंधरापट खूण म्हणजे पंधरापट गुण नव्हे, हेही ऐकून ठेवा.

जुनं औषध अल्ग्लुकोसिडेज अल्फा २००६ साली आलं. आजाराचं वर्णन मात्र त्याआधी ७४ वर्षं, १९३२ साली, योहान्स पॉम्पे नावाच्या डच डॉक्टरांनी सात महिन्यांच्या एका मुलीच्या शवविच्छेदनावरून केलं होतं. युद्धात ते नाझींविरुद्धच्या चळवळीत होते आणि एप्रिल १९४५मध्ये जर्मनांनी त्यांना गोळ्या घातल्या. कोणतं एन्झाइम कमी आहे, हे बेल्जियमच्या एर्स यांनी १९६३ साली शोधलं. आणि १९९९ साली रॉटरडॅममध्ये ज्या चार बाळांना पहिल्यांदा हे एन्झाइम दिलं, ते जनुक बदललेल्या सशांच्या दुधातून काढलेलं होतं! आता ते हॅमस्टरच्या पेशी टाकीत वाढवून तयार करतात. सासूबाईंनी विचारलं, ‘मग हे शाकाहारी का?’ नवरा म्हणाला, ‘आई, मी उपासालाही घेणार आहे.’

आता ‘गुण येतो का’ याकडे. मोठ्या माणसांवरचा मुख्य अभ्यास २०१० साली छापून आला. ९० रुग्ण, ७८ आठवडे. सहा मिनिटांत किती चालता येतं ते मोजलं. औषधवाले सरासरी २५ मीटर जास्त चालू लागले, नुसतं सलाईन घेणारे ३ मीटरने घटले. फुप्फुसांच्या क्षमतेत फरक ३.४ टक्क्यांचा. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला रडू आलं. एवढा खटाटोप आणि २८ मीटर? आमच्या सोसायटीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत सुद्धा नाही.

पण हा आजार एका जागी थांबून राहत नाही, हे मी तेव्हा हिशेबात धरलं नव्हतं. नवऱ्याचे आमचे आकडे सांगते. सुरुवातीला सहा मिनिटांत ३१० मीटर. वर्षाने ३५०. पुढची तीन वर्षं तिथेच. आता ३२५. म्हणजे सहा वर्षांनी सुरुवातीपेक्षा थोडे पुढेच. औषध नसतं तर व्हीलचेअर आली असती की नाही, हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण ते अजून शाळेत उभं राहून शिकवतात. जो स्नायू जाऊन त्या जागी चरबी झाली, तो परत येत नाही. जो शिल्लक आहे, तो टिकवायचा. म्हणून उशीर नको.

पहिल्या सलाईनआधी एक काम हट्टाने करून घ्या: सहा मिनिटांची चाल आणि फुप्फुसाची तपासणी, बसून आणि आडवं पडून, दोन्ही. आडवं पडल्यावर आकडा खूप घसरला तर श्वासपटल (छाती आणि पोटामधला श्वासाचा स्नायू) कमजोर आहे. आमच्याकडे बसून अपेक्षित क्षमतेच्या ६२ टक्के आणि आडवं पडून ४१ निघालं. तेव्हा उलगडा झाला की हे दोन वर्षं आरामखुर्चीत का झोपत होते आणि सकाळी डोकं का दुखायचं. रात्री कार्बन डायऑक्साइड साठत होता. रात्री बायपॅप मशीन (मास्कमधून श्वासाला हवेचा जोर देणारं) लावल्यावर जो फरक पडला, तो खरं सांगते, पहिल्या सहा महिन्यांत एन्झाइमपेक्षा जास्त होता. आणि हे आधीचे आकडे नसले तर दोन वर्षांनी ‘औषध लागू पडतंय का’ याचं उत्तर कुणाकडेच नसतं.

सलाईनचा दिवस अख्खा जातो. औषध फ्रीजमधलं, २ ते ८ अंशांवरचं. सिस्टर एकेक बाटली हळूच फिरवून विरघळवतात, हलवली तर फेस होऊन प्रोटीन बिघडतं. थेंब अगदी सावकाश सुरू करून दर अर्ध्या तासाने वेग वाढवतात. चारेक तास धरून चाला. आम्हाला तिसऱ्या महिन्यात अंगावर पित्त उठलं. सलाईन थांबवलं, इंजेक्शन दिलं, तासाभराने कमी वेगाने परत चालू केलं. शरीर या बाहेरच्या प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि क्वचित जिवावर बेतणारी रिअ‍ॅक्शनही येते. म्हणून सुरुवातीला तरी मोठ्या हॉस्पिटलातच, सगळी तयारी असलेल्या जागी. घरच्या डॉक्टरांकडे नको, ते कितीही मायाळू असोत.

खर्चाचं बोलू. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात पॉम्पे तिसऱ्या गटात (उपचार आहे, पण महागडा आणि आयुष्यभराचा) आहे. लेट ऑनसेटसाठी अट अशी की गुंतागुंत व्हायच्या आत निदान झालेलं असावं. मदत ५० लाखांपर्यंत, आणि ती ठरलेल्या केंद्रांमार्फतच, मुंबईत केईएम हॉस्पिटल. मोठ्या माणसाच्या वजनाला ही रक्कम वर्षभरही पुरत नाही, हे आधीच सांगते म्हणजे नंतर धक्का नको. आमचं औषध कंपनीच्या मोफत योजनेतून येतं. त्यासाठी अकरा महिने थांबलो, तीनदा कागद परत आले. तुम्ही दोन्हीकडचे अर्ज एकदमच करा, एकाचं उत्तर येईपर्यंत दुसरा अडवून ठेवू नका.

मधल्या काळात फिजिओथेरपी चालू ठेवा, पण दमछाक होईल इतकी नाही. कुठलंही ऑपरेशन असलं, अगदी दाताचंही, तर भूल देणाऱ्यांना पॉम्पेचं नाव लिहून द्या. आणि दम लागला म्हणून कुणी नुसता ऑक्सिजन लावायला निघालं, तर आधी कार्बन डायऑक्साइड तपासायला सांगा.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. आजार अनुवंशिक आहे, आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं जीन आलं तरच होतो. आमच्याकडे सासू-सासरे मामे-आते भावंडं, त्यामुळे कोडं लवकर सुटलं. पण नात्यात लग्न नसलं तरी होऊ शकतो. सख्ख्या भावंडांत प्रत्येकाला चारात एक शक्यता असते. आणि एकाच घरात एकाला पंचविशीत, दुसऱ्याला पन्नाशीत त्रास सुरू झालेला असू शकतो. दीर म्हणालात, म्हणजे तुमचे यजमान त्यांचे सख्खे भाऊ. ‘मला काही होत नाही’ म्हणतील, माझे दीरही तेच म्हणत होते. दिरांच्या पुढच्या तारखेला दोघांनाही बरोबर न्या आणि यजमानांच्याही रक्ताचा थेंब त्या कागदावर घ्यायला सांगा.