पूर्णांकातली समीकरणं: आधी बाकी बघ

अरे, समीकरण दिसलं की लगेच वर्गमूळ काढत बसू नकोस, पूर्णांकातच उत्तर हवंय ना मग आधी बाकी बघ. क्ष² − ३य² = २ घे, ३य² ला ३ ने भाग जातो, म्हणून क्ष² ची बाकी २ यायला हवी, पण ३ ने भागल्यावर कुठल्याही वर्गाची बाकी ० नाहीतर १ येते, २ कधीच नाही, म्हणजे उत्तरच नाही, खेळ खल्लास.

त्यानं जमलं नाही तर अवयव पाड. क्ष×य + क्ष + य = ३४ मध्ये दोन्हीकडे १ मिळवला की (क्ष+१)(य+१) = ३५, आता ३५ चे विभाजक मोजकेच, ५×७ वरून ४ आणि ६ मिळतात. ऋण विभाजक विसरू नको हां (मी कित्येकदा विसरलोय), −५, −७ वरून −६ आणि −८ पण चालतात.

आणि छोटे आकडे टाकून काही सापडलं नाही म्हणून 'उत्तर नाही' असं ठरवू नको. क्ष² − ६१य² = १ चं सगळ्यात लहान धन उत्तर क्ष = १७६६३१९०४९, य = २२६१५३९८०, भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीनं (एका जवळच्या उत्तरावरून पुढचं, अशा फेऱ्या घालत जायची रीत) काढलेलं, तेही कॅल्क्युलेटरशिवाय! सगळ्या समीकरणांना चालेल अशी एकच रीत शोधत असशील तर मात्र नाद सोड, तशी असूच शकत नाही हे रशियन गणिती मातियासेविचनं १९७० मध्येच पक्कं करून टाकलंय.