वाचकांचे प्रश्न : रिकाम्या पिंपांचे काय करावे?

प्रश्न : शिरोली पुलाची येथील औद्योगिक वसाहतीत आमचा रंगकामाचा लहान कारखाना आहे. थिनरची रिकामी पिंपे आम्ही भंगारात देतो आणि प्लॅस्टिकचे कॅन कामगार पाणी साठवायला घरी नेतात. ते साबणाने धुतले तर चालतात का? आणि एवढ्याशा कारखान्याला नियम लागू होतात का?

उत्तर : कॅन चालत नाहीत आणि नियम लागू होतात.

पिंप रिकामे झाले तरी त्यातला द्रव तेवढा संपलेला असतो, वाफ आतच राहते. थिनरमध्ये बहुधा असणारे टोल्युइन सुमारे ४ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागते, म्हणजे कोल्हापुरात बाराही महिने. हवेत या वाफेचे प्रमाण साधारण १ ते ७ टक्क्यांच्या दरम्यान असले की एक ठिणगी पुरते, आणि हे प्रमाण भरलेल्या पिंपापेक्षा तळाशी थोडेसे उरलेल्या पिंपात सहज जुळून येते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असल्यामुळे बूच काढून पिंप उभे ठेवले तरी ती आपोआप निघून जात नाही. भंगारवाल्याकडे गॅस कटरने झाकण कापताना पिंप फुटते ते यामुळेच. तिथे कटर धरणाऱ्याला आत काय होते हे कोणी सांगितलेलेही नसते.

कॅनचा धोका वेगळा आहे. द्रावक प्लॅस्टिकमध्ये मुरते, साबणाने फक्त पृष्ठभाग धुतला जातो आणि मुरलेला भाग पुढे पाण्यात हळूहळू उतरत राहतो. शिवाय ते धुण्याचे पाणी गटारात सोडले की पंचगंगेची वाट धरते, हे शिरोलीकरांना वेगळे सांगायला नको. कामगारांना नुसती मनाई करून हा प्रकार थांबणार नाही. त्यांना पाण्यासाठी कोरे कॅन कारखान्यानेच घेऊन द्यावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

घातक कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या केंद्रीय नियमांत, पहिल्या अनुसूचीतील ३३.१ या नोंदीनुसार, घातक रसायनांनी दूषित झालेली रिकामी पिंपे व डबे हा घातक कचराच ठरतो. त्यासाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र घ्यावे लागते, माल अधिकृत संस्थेकडेच मॅनिफेस्टसह, म्हणजे कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदपत्रासह, पाठवावा लागतो, नोंदवही ठेवावी लागते आणि वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत भरावे लागते. कचरा कारखान्यात ९० दिवसांहून अधिक ठेवता येत नाही. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्यांना मंडळाच्या परवानगीने ही मुदत १८० दिवसांपर्यंत मिळू शकते. तोपर्यंत पिंपांची बुचे घट्ट लावून, मूळ लेबल न काढता, ती सावलीत आणि वेल्डिंगपासून दूर ठेवावीत. थिनर विकणाऱ्याकडून सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजेच एमएसडीएस, मागून घ्यावे. किरकोळ विक्रेते ते देण्यास टाळाटाळ करतात, तरी आग्रह धरावा. विल्हेवाटीची माहिती त्याच्या तेराव्या भागात असते.

प्रश्न : हुपरीत आमचे चांदीच्या मुलाम्याचे काम घरालगतच्या खोलीत चालते. सायनाइडचे मीठ आणि तेजाब एकाच फडताळात ठेवलेले असते. दोन्हींची झाकणे घट्ट असतात. तरी धोका आहे का?

उत्तर : आहे, आणि तो आजच दूर करावा. बाटली कलंडून आम्ल सायनाइडवर सांडले तर हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि बंद खोलीत तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो. सायनाइड वेगळ्या, कोरड्या आणि कुलूपबंद कपाटात ठेवावे; तेजाब दुसऱ्या खोलीत, जमिनीलगत, आम्लाने न गंजणाऱ्या तसराळ्यात ठेवावे. सायनाइडच्या आणि तेजाबाच्या कामांचे धुण्याचे पाणीही एकत्र येता कामा नये, कारण तोच वायू मोरीत किंवा एकाच टाकीतही तयार होऊ शकतो.