आवडत्या पुस्तकावर सिनेमा आला की वाचकांत दोन तट का पडतात?

तुमचा प्रश्न असा आहे: ‘शाळा’ ही कादंबरी तुमच्या सगळ्या मित्रांची लाडकी, पण सिनेमा पाहिल्यावर निम्मे भारावून गेले आणि निम्मे वैतागले. असं का होतं, आणि पुस्तक मनापासून आवडत असेल तर त्यावरचा सिनेमा पाहावा का?

मी अमळनेरचा. आमच्या गावात हा वाद २०२३ च्या नोव्हेंबरात चांगलाच रंगला होता, तोही ‘शाळा’च्याच दिग्दर्शकामुळे. सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’ तेव्हा आला. पुस्तकातलं पालगड कोकणातलं, पण साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते हाताने दैनिक लिहायचे. त्यामुळे इथे गुरुजी म्हणजे घरातलेच. ‘श्यामची आई’ची निदान एक प्रत, बहुतेक वेळा पाठचं पान निखळलेली, इथल्या घरोघरी सापडते.

तो सिनेमा आम्ही घरचे सगळे मिळून पाहायला गेलो. काळा-पांढरा सिनेमा, नाशिकच्या तुरुंगातले गुरुजी आणि त्यांना आठवणारं लहानपण अशी मांडणी. माझी पुतणी कॉलेजात आहे. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. आमचे जिभाऊ सत्तरी ओलांडलेले. ते चप्पल घालता घालता म्हणाले, “हाई श्यामनी माय नही शे.” घरी येईपर्यंत दोघांचं जुंपलं होतं.

मी जिभाऊंना विचारलं, पुस्तकातलं नेमकं काय हरवलं? त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या: आईचा चेहरा, आईचा आवाज आणि ‘भरजरी गं पितांबर’. यातलं पुस्तकातलं काहीच नाही! चेहरा आणि आवाज वनमालाबाईंचा, गाणं आचार्य अत्र्यांचं. तिन्ही आले १९५३ च्या सिनेमातून. अत्र्यांच्या त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, गावोगावी त्याचे खेळ झाले, शाळांनी मुलांना रांगेने नेऊन तो दाखवला. जिभाऊंनी पुस्तक नंतर वाचलं, तेही वनमालाबाईंच्या आवाजात. सत्तर वर्षांत पुस्तकावर जो लेप बसला, तोच त्यांच्यासाठी पुस्तक झाला. नवा सिनेमा ते पुस्तकाशी ताडून पाहत नव्हते, जुन्या सिनेमाशी ताडत होते. पुतणीने जुना सिनेमा पाहिलेलाच नव्हता, त्यामुळे तिची आई आधीपासून ठरलेली नव्हती. दोघं एकाच पुस्तकाचं नाव घेऊन भांडत होते, पण डोक्यातली पुस्तकं दोन होती.

मला या वादांचं मूळ इथेच दिसतं. ‘सिनेमा मूळ पुस्तकाशी इमान राखून नाही’ अशी तक्रार लोक करतात, पण मूळ पुस्तक कुणाचं? वाचताना निम्मं काम लेखक करतो आणि निम्मं आपण. लेखक ‘विहीर’ म्हणतो, त्या विहिरीच्या पायऱ्या आपण बांधतो. मी ‘श्यामची आई’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा कोकण पाहिलेलं नव्हतं. माझ्या पालगडात अंगणात कडुनिंब होता, पलीकडे बोरी नदीचं वाळलेलं पात्र होतं आणि श्यामच्या घराला आमच्या जुन्या घरासारखंच सपाट मातीचं धाबं होतं. नारळ-सुपारीचा उल्लेख यायचा तेव्हा मन तो तेवढ्यापुरता वाचून सोडून द्यायचं. पडद्यावर खरं कोकण येतं, उतरत्या छपरांची घरं येतात, तेव्हा ते बरोबरच असतं. तरी आपलं घर कुणीतरी पाडलं असं वाटतं. नाशिकच्या, लातूरच्या, चंद्रपूरच्या वाचकाचंही तेच होत असणार, फक्त पडलेलं घर प्रत्येकाचं वेगळं. म्हणून चिडलेल्यांचंही आपसात पटत नाही, हे तुम्ही तुमच्या ग्रुपमध्ये पाहिलं असेल.

दुसरं कारण जास्त कारागिरीचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पुस्तक सांगतं, सिनेमा दाखवतो. ‘श्यामची आई’ची रचना आठवून पाहा. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. त्यातला सर्वांना पाठ असलेला प्रसंग घ्या. आंघोळ झाल्यावर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्याम हट्ट करतो आणि आई धोंडीवर आपले ओचे पसरते. मग ती सांगते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनाला लागू नये म्हणूनही जप. कागदावर हा प्रसंग जेमतेम काही ओळींचा. पण तो सांगणारा माणूस आई गमावलेला आहे. लहान श्यामला त्या वेळी ते वाक्य फारसं भिडलेलंही नसेल. ते भिडलंय मोठ्या श्यामला, खूप उशिरा. वाचकाला रडू येतं ते या अंतरामुळे. कॅमेऱ्यापुढे मात्र एक मूल आणि एक आई असते, आता, या क्षणी. ते अंतर दाखवायचं कसं? निवेदन घातलं तर लोक म्हणतात रेडिओ लावलाय. नाही घातलं तर नुसता उपदेश उरतो. डहाके यांनी तुरुंगातल्या गुरुजींना पडद्यावर आणलं ते बहुधा हेच अंतर पकडण्यासाठी, असा माझा समज आहे. मला ते पटलं. जिभाऊंना ते मध्येमध्ये येणारं विघ्न वाटलं.

तुमच्या ‘शाळा’ची अडचण याच जातीची आहे. मिलिंद बोकिलांची कादंबरी मुकुंद जोशी या नववीतल्या मुलाच्या तोंडून येते. आणीबाणीचा काळ, वर्ग, सुऱ्या, चित्र्या, फावड्या आणि त्याला आवडणारी शिरोडकर. कादंबरीतली खरी मजा त्याच्या डोक्यात काय चाललंय त्यात आहे. शिरोडकर समोरून गेली एवढीच घटना असते, पण त्यावर हा पोरगा मनातल्या मनात जो किल्ला उभारतो तो पानभर असतो. पडद्यावर काय दिसतं? एक मुलगा एका मुलीकडे पाहतो. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांनी ते फार सुंदर केलं आहे. पण ज्याने कादंबरी चौदाव्या-पंधराव्या वर्षी वाचली, त्याला त्या बघण्यामागची बडबड ऐकू यायला हवी असते, आणि ज्याने ती मोठेपणी वाचली किंवा वाचलीच नाही त्याला ते नुसतं बघणंच पुरेसं वाटतं. तुमचे दोन गट पुस्तक कोणत्या वयात वाचलं यावरून पडलेत का, एकदा विचारून पाहा. माझी पैज आहे की बऱ्याच अंशी तसंच निघेल. ‘शाळा’ आणि नवा ‘श्यामची आई’ या दोन्ही सिनेमांना उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण असल्या वादात पुरस्काराचा काही उपयोग होत नाही.

वयाचा मुद्दा ‘दुनियादारी’ने तर डोळ्यांत बोट घालून दाखवला. ही कॉलेजातल्या पोरांची कादंबरी लिहिणारे सुहास शिरवळकर आमच्याकडे हॉस्टेलवर वाचले जायचे. जळगावच्या व. वा. वाचनालयातून कुणी एकाने पुस्तक आणलं की ते आख्ख्या मजल्यावर फिरायचं आणि परत करायच्या दिवशी कुणाच्या तरी उशीखाली सापडायचं. वाचणारे आणि पुस्तकातले एकाच वयाचे. २०१३ ला सिनेमा आला तेव्हा तीच पोरं चाळिशीकडे झुकलेली होती आणि पडद्यावर कॉलेजकुमारांच्या भूमिकेत तिशी ओलांडलेले नट होते. माझ्या काही मित्रांना ते सहन झालं नाही. काहींना मात्र आपलंच वय वाढल्यासारखं वाटून बरं वाटलं. सिनेमा तुफान चालला, आणि त्यातल्या किती तरी प्रेक्षकांनी पुस्तकाचं नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आता उलट बाजू. काही सिनेमांवरून वाद होतच नाहीत. ‘सिंहासन’ (१९७९) घ्या. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ अशा दोन कादंबऱ्या विजय तेंडुलकरांनी एका पटकथेत बसवल्या. याहून मोठी मोडतोड काय असणार? तरी दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेलांवर कुणी पुस्तक बिघडवल्याचा आळ घेत नाही. त्या राजकारण्यांत कुणाचं बालपण अडकलेलं नव्हतं, हे त्याचं कारण. ‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून केला, पण सिनेमा पाहिलेल्यांपैकी किती जणांनी ‘बेघर’ वाचलंय? जिथे वाचकच थोडे, तिथे तट कुठून पडणार.

आणि ‘जैत रे जैत’. यावर मी तासभर बोलू शकतो. गो. नी. दांडेकरांची कादंबरी ठाकर आदिवासींची, डोंगराची, मधमाश्यांची. १९७७ च्या सिनेमात जब्बार पटेलांनी जवळजवळ सगळी कथा गाण्यांवर तोलली. ती गाणी ना. धों. महानोरांची. महानोर पळसखेडचे, अजिंठ्याच्या डोंगराजवळचे. कॉलेजला जळगावात होते आणि शिक्षण सोडून शेतीकडे वळले. नायिका चिंधीच्या भूमिकेतली स्मिता पाटील, तिचं घराणं आमच्या शिरपूरचं. रायगड-कर्नाळ्याकडच्या ठाकरांच्या गोष्टीला आमच्याकडच्या कोरडवाहू रानाचे शब्द मिळाले, आणि ते उपरे वाटत नाहीत! ‘मी रात टाकली’ कादंबरीत शोधू नका. पण चिंधी नवऱ्याला सोडून नायक नाग्याकडे ओढली जाते, तेव्हा तिच्या आत जे चाललंय ते गो. नी. दां.नी पानांवर पसरलं आणि सिनेमाने एका गाण्यात ओतलं. पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी उचलण्यापेक्षा हे अवघड काम आहे, आणि वाचकाला याचा राग येत नाही. सिनेमाने आपल्याकडचं काही काढून घेतलेलं नसतं, वर आणखी दिलेलं असतं.

लेखकाला स्वतःला राग आल्याचंही उदाहरण आहे. आर. के. नारायण यांना ‘गाईड’ (१९६५) अजिबात रुचला नाही, आणि त्यांनी तसं लिहूनही ठेवलं. मालगुडी हे त्यांचं कल्पित गाव सोडून सिनेमा राजस्थानात गेला, हे त्यांचं एक दुःख. शेवटही बदलला. कादंबरीत पाऊस खरंच आला का, हे नायक राजूच्या शब्दावर सोडलेलं आहे. सिनेमात तो धो धो कोसळतो. माझं मत विचाराल तर दिग्दर्शक विजय आनंदांचा पाऊस पडद्यासाठी योग्य होता आणि नारायण यांचा राग लेखक म्हणून योग्य होता. पुढे शंकर नाग यांनी आगुंबेत ‘मालगुडी डेज’ केलं, ते मात्र वाचकांना मनापासून आवडलं. मालिकेला एकेका गोष्टीपुरता निवांत वेळ होता, हेही त्यामागे आहेच.

एक गोष्ट आमच्या खानदेशाकडून सांगायलाच हवी, ती भाषेची. बहिणाबाईंची कविता लेवा गणबोलीतली. १९५२ साली पुस्तक निघालं आणि १९६१ च्या ‘मानिनी’ सिनेमात त्या कवितांची गाणी झाली. आसोद्याची ती बाई त्यामुळे साऱ्या महाराष्ट्राच्या ओठांवर आली, याचा आम्हाला अभिमान आहे. पण माझी आजी रेडिओवर ती गाणी लागली की हात थांबवून ऐकायची आणि मग तीच ओळ हळू आवाजात, जात्यावरच्या चालीत, ‘व’ आणि ‘ये’ तिच्या पद्धतीने लावून पुन्हा म्हणायची. तिची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती. तिला फक्त ते आपल्या तोंडात परत हवं असायचं. आजही सिनेमात खानदेशी माणूस आला की नट सरसकट ‘गावठी’ बोलतो. ती ना अहिराणी असते, ना तावडी, ना वऱ्हाडी. आमच्या भागातल्या लेखकाच्या कादंबरीवर सिनेमा निघेल तेव्हा पात्रांचं बोलणं ज्याच्या त्याच्या गावचं असावं, एवढीच माझी कळकळीची मागणी आहे. चेहरा चुकला तर मी चालवून घेईन.

आता तुमचा दुसरा प्रश्न, पाहावा की नाही. पाहावा, पण क्रम बघून. ‘श्यामची आई’ आणि ‘शाळा’ आधी वाचा, कारण त्यांचा जीव सांगणाऱ्याच्या आवाजात आहे आणि तो आवाज आधी तुमच्या कानात बसायला हवा. वाचून झाल्यावर लगेच थिएटर गाठू नका; महिनाभर जाऊ द्या, म्हणजे ओळी ताडून पाहायची खोड कमी होते. ‘जैत रे जैत’ मात्र आधी पाहा, शक्य असेल तर चांगल्या स्पीकरवर, आणि मग कादंबरी घ्या. ती वाचताना ढोल ऐकू येत राहतो, आणि त्याने पुस्तकाचं काही बिघडत नाही. ‘सिंहासन’ कुठूनही सुरू करा.