६ मीटरवर ‘खडक लागला’ म्हणतात, बोअर थांबवू द्यायचा का?

मालाडला खाडीलगत सोसायटीचं रिडेव्हलपमेंट, आणि पायासाठी जमीन तपासणारा बोअरवाला ६ मीटरवरच मशीन उचलतोय? उचलू देऊ नका. खाडीकाठी वर भराव, त्याखाली काळा चिखल, मग मुरूम, आणि खडक त्याच्याही खाली. भरावातला धोंडासुद्धा खडकासारखाच वाजतो! खडकात किमान ३ मीटर कोअर (खडकाचा दंडगोल नमुना) काढायला लावा. कोअरच्या पेटीतले १० सेंमीहून लांब तुकडे मोजा. दीड मीटरच्या रनमध्ये (एका खेपेच्या ड्रिलिंगमध्ये) ते मिळून ७५ सेंमी भरले तर आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचं माप, ५० टक्के. एसपीटीत, म्हणजे ठोक्यांनी नळी मातीत घुसवून मातीचा घट्टपणा मोजायच्या चाचणीत, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंमीवरून मोकळा पडायला हवा. पहिल्या १५ सेंमीचे ठोके सोडायचे, पुढच्या ३० चे धरायचे. दोर कप्पीत अडकत असेल तर ठोक्यांचा आकडा फुगतो, चिखलही घट्ट दिसतो.