नाक ‘कानडी वळणाचं’ म्हणून नकार

‘अक्का, मी खानापूर तालुक्यातली, वय २३. माझं नाक आजीसारखं बसकं आहे. आजी बैलहोंगलची, कन्नड बोलणारी. कोल्हापूरकडच्या स्थळानं “मुलगी चांगली, पण नाक कानडी वळणाचं” असा निरोप दिला. त्याआधीही एकांनी नाकावरूनच नकार दिला होता. पतसंस्थेचं कर्ज काढून ऑपरेशन करून घेऊ का?’

बाळ, तुझं पत्र वाचून मला त्या लोकांचा फार राग आला. आपल्या भागात मराठी-कानडी सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या होत आल्यात. नाकावरून कुणाची भाषा ओळखता येत नाही. १८९१ मध्ये रिस्ले नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं नाकाची मापं घेऊन जातींची उतरंड लावली होती. नाक रुंद तितकी जात खालची, असा त्याचा दावा. शास्त्रानं तो कधीच टाकून दिला, पण मुलगी बघायला येणारे अजून तीच पट्टी घेऊन येतात आणि वर ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ म्हणून हसतात.

देखण्या नाकाची कल्पनाही सगळीकडं सारखी नाही. इराणात नाकाचा उंचवटा तासून घ्यायला पोरी रांग लावतात, तर कोरियात सिलिकॉन घालून तो उंच करून घेतात.

ऑपरेशन वाईट, असं मी म्हणणार नाही. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळच्या एका वीटकाऱ्यानं कपाळाच्या कातडीतून नवं नाक करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात ते छापून आलं आणि गोरे डॉक्टर ती विद्या शिकले. पण त्याचं नाक गेलं होतं गं. तुझं जागेवर आहे.

श्वास घ्यायला त्रास होत असेल, नाक सारखं चोंदत असेल, तर बेळगावात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना जरूर दाखव. नुसत्या दिसण्यासाठी करायचं तर हे धरून चाल की सूज पुरती उतरायला वर्ष जातं, आणि काहींना दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं. एवढं सोसून मिळालेलं नाक पुढच्या स्थळाला आवडेलच, याची हमी कोण देणार?

आणि स्थळांना सेल्फी पाठवतेस का? फूटभरावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. भावाला पाच फूट लांब उभं करून एक फोटो काढून घे, आजीला शेजारी बसवून. पतसंस्थेचा अर्ज तेवढा भरू नकोस.