शाळेत समुपदेशक व्हायचंय, तर एम.ए. करू की एक वर्षाचा डिप्लोमा पुरे?

तुम्ही लिहिलंय की अनुदानित शाळेत बारा वर्षं मराठी शिकवताय, तास संपला की मुलं टेबलापाशी घुटमळतात, घरचं काहीबाही सांगतात, आणि आता हे काम रीतसर शिकून करायचंय. तुमच्यापुढे तीन वाटा आहेत: तालुक्याच्या गावी शनिवार-रविवार चालणारा तीन महिन्यांचा कोर्स, वर्षभराचा डिप्लोमा किंवा दोन वर्षांचं एम.ए. शिवाय एम.ए. घरबसल्या करता येईल का, असंही विचारलंय.

मी समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलं. आधी तीन वर्षं वस्तीतल्या एका प्रकल्पात होते, मग शाळांत. त्या अनुभवातून सांगते.

तीन महिन्यांचा कोर्स मनातून काढून टाका. तो वाईटच असेल असं नाही, ऐकायला छानही वाटेल. पण फी भरण्याआधी कुठल्याही संस्थेला एक प्रश्न विचारा: मी मुलाशी काय बोलले, हे कोण तपासणार? उत्तर आलं नाही, किंवा ‘आम्ही नोट्स देतो ना’ असं आलं, तर परत फिरा.

असं का म्हणते ते सांगते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) एम.ए.च्या पहिल्या वर्षी आम्हाला मुलांशी बोलण्याच्या प्रत्येक सत्रानंतर आठवेल तसं शब्दन्‌शब्द लिहून काढावं लागायचं. कागदाचे तीन रकाने: ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, तेव्हा माझ्या मनात काय चाललं होतं. आठवीतल्या एका मुलीची आजी नुकतीच वारली होती. ती म्हणाली, ‘आता घरी गेलं की कुलूप असतं.’ मी लगेच म्हणाले, ‘होईल गं हळूहळू सवय.’ आमचं काम तपासणाऱ्या सुपरवायझर बाईंनी त्या वाक्याभोवती पेन्सिलने गोल काढला आणि विचारलं, ‘सवय व्हायची घाई कोणाला झाली होती? तिला की तुला?’ तिसऱ्या रकान्यात मी खरं तेच लिहिलं होतं: ‘आता ही रडणार.’ पुढच्या आठवड्यात मी फक्त एवढंच विचारलं, ‘मग किल्ली कोणाकडे असते?’ ती वीस मिनिटं बोलत होती.

हे पुस्तकातून येत नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सची समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं मन समजून घेणं, परीक्षेत मी पानभर लिहिली होती, मार्कही चांगले पडले होते, आणि तरीही त्या मुलीला मी गप्प केलं होतं.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, राग मानू नका. आमच्या वर्गात सर्वांत जास्त झगडावं लागलं ते शिक्षकांना. मूल थांबलं की शिक्षक वाक्य पूर्ण करून देतो, चुकलं की सुधारतो, आणि शेवटी ‘मग यातून आपण काय शिकलो?’ येतंच. ही सवय मोडायला सहाएक महिने लागतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. सकाळी जिचा निबंध तुम्ही लाल पेनाने तपासलात, ती दुपारी तुमच्यासमोर बसून घरातली मारहाण सांगेल का? कदाचित सांगेलही, पण मार्कांची भीती पोटात ठेवून. म्हणून आपण शिकवतो त्या वर्गातली मुलं शक्यतो घेऊ नयेत. लहान शाळेत ते जमत नाही, हे मलाही माहीत आहे.

भाषेचं बोलायलाच हवं, कारण माहितीपुस्तिकेत ते कुठे सापडत नाही. शिक्षण बहुतेक इंग्रजीतून होतं आणि काम मराठीत करायचं असतं. पुस्तकातल्या इंग्रजी प्रश्नाचं भाषांतर करून मी पोरांना विचारायचे, ‘तुला त्याबद्दल कसं वाटतं?’ उत्तर ठरलेलं: ‘बरं वाटतं.’ पुढे शांतता. भावनेचं नाव विचारलं की मूल गोंधळतं. ‘मग तू काय केलंस?’, ‘तेव्हा पोटात कसं झालं?’ असं विचारलं की सांगतं. वस्तीत तर ‘नैराश्य’ हा शब्द तीन वर्षांत मी एकाही बाईच्या तोंडून ऐकला नाही. डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, कशात मन लागत नाही, हेच शब्द. तिथे खोली नव्हती, ठरलेली वेळ नव्हती. नळाला पाणी आलं की समोरची बाई हंडा घेऊन उठून जायची आणि सत्र संपायचं. ‘मी समुपदेशक’ म्हटलं की ‘म्हणजे भांडणं मिटवता का?’ असं विचारायच्या. एम.ए.ला वस्तीतलं फील्डवर्क मिळत असेल तर शाळेतच जायचंय म्हणून ते टाळू नका. मूल शाळेत येतं ते घर घेऊनच. मराठीत वाचायचं तर विवेकनिष्ठ मानसोपचारापासून, म्हणजे त्रास देणारे अविवेकी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीपासून, सुरुवात करा. कि. मो. फडके यांनी या पद्धतीचे जनक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून तो विचार आपल्या भाषेत रुजवला. त्यामुळे निदान त्या एका पद्धतीपुरते तरी आपल्याकडे घडवलेले शब्द आहेत.

आता वाटांविषयी. घरबसल्या एम.ए. हा पर्याय उरलेला नाही. २०२१च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली मानसशास्त्र येतं, म्हणून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) जुलै-ऑगस्ट २०२५च्या सत्रापासून हा विषय दूरस्थ आणि ऑनलाइन शिकवायला मनाई केली आहे. अजूनही कोणी ‘घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी’ विकत असेल तर पैसे भरू नका. म्हणजे एम.ए. करायचं तर दोन वर्षं कॉलेजात बसावं लागेल, रजेचा प्रश्न आलाच. काही ठिकाणी बी.ए.ला मानसशास्त्र असण्याची अट असते, तेही आधी पाहून घ्या.

नोकरी टिकवून शिकायचं तर मी तुम्हाला एनसीईआरटीचा (शालेय अभ्यासक्रम आखणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा) मार्गदर्शन व समुपदेशनाचा डिप्लोमा सुचवेन. तो शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवूनच आखलाय: सहा महिने घरून अभ्यास, तीन महिने संस्थेत प्रत्यक्ष, आणि शेवटचे तीन महिने इंटर्नशिप. आपल्यासाठी केंद्र म्हणजे एनसीईआरटीचीच भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था. तीन महिने घर सोडून भोपाळला राहायचं म्हटल्यावर घरात काय होईल ते मी सांगायला नको. पण तिथे तुमचं काम कोणीतरी बघतं, आणि माझा सगळा भर त्यावरच आहे.

तासांचा अंदाज यावा म्हणून सांगते. माझी मावसबहीण अमेरिकेत हेच शिकली. तिकडे समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी केक्रेप नावाची संस्था आहे, तिच्या मान्यतेच्या एम.ए.ला ७०० तासांचं प्रत्यक्ष काम लागतं आणि त्यातले किमान २८० तास समोर माणूस बसलेला असावा लागतो. आपल्याकडे प्रत्येक विद्यापीठाचं गणित वेगळं. म्हणून कॉलेजला फोन कराल तेव्हा ‘फील्डवर्क आहे का?’ असं विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. किती तास, त्यातले प्रत्यक्ष बोलण्याचे किती, आणि एका सुपरवायझरमागे किती विद्यार्थी, हे विचारा. नंतर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठून तिलाही तेच विचारा. दोन उत्तरं जुळली तर प्रवेश घ्या.

नोकरीचं म्हणाल तर अनुदानित शाळेत समुपदेशक असं वेगळं मंजूर पद सहसा नसतं, त्यामुळे कायम नोकरीचा राजीनामा देऊ नका. मागणी मात्र वाढतेय. सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा आहे, आणि त्याचं मुलांच्या मानसिक आरोग्यातलं प्रशिक्षण दाखवता आलं पाहिजे. ‘दाखवता आलं पाहिजे’ इथेच तीन महिन्यांचं प्रमाणपत्र लंगडं पडतं.

एम.ए. झालं तरी काही गोष्टी तुमच्या हातात येत नाहीत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते. दहावीच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी अध्ययन अक्षमतेचं (वाचन, लेखन, गणित शिकण्यात मूळचीच अडचण असल्याचं) प्रमाणपत्र तुम्ही देऊ शकत नाही, पालक कितीही मागे लागले तरी. आणि पहिल्याच दिवशी मुलांना ‘तू सांगशील ते कोणालाही कळणार नाही’ असं वचन देऊ नका. मी दिलं होतं. लैंगिक अत्याचाराचं कळलं की पॉक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम १९नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा आहे. मला तो शब्द मोडावा लागला आणि त्यानंतर ते मूल माझ्याशी दोन महिने बोललं नाही. आता मी सुरुवातीलाच सांगते: तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कोणी तुला त्रास देत असेल तर मला मोठ्यांना सांगावं लागेल, पण तुला आधी सांगून मगच सांगेन. हे ऐकूनही मुलं बोलतात.

मुख्याध्यापकांशीही आधीच बोलून घ्या. माझ्या पहिल्या शाळेत खेळाच्या सामानाच्या खोलीत टेबल टाकून दिलं होतं, आणि मस्ती करणाऱ्या पोरांना ‘जा मॅडमकडे’ म्हणून शिक्षा म्हणून पाठवायचे. कोणी रजेवर असलं की तो तास माझ्या गळ्यात. बंद होणारं दार आणि आठवड्यातले ठरलेले मोकळे तास, एवढं लेखी घ्या. डिप्लोमाच्या इंटर्नशिपलाही ते लागेलच.